मनात काही राखून न ठेवता

वाचक लिहितात :

"ताई, माझं वय ७१. संगमनेरजवळच्या एका गावची मी. विनाअनुदानित प्राथमिक शाळेत २४ वर्षं शिकवलं. मुलीने अर्ज करून १६ वर्षांपूर्वी आम्हा दोघांना इकडे न्यू जर्सीला आणलं, तेव्हापासून ग्रीन कार्डावर आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही गावी गेलो असताना यांना पक्षाघात झाला. मी आठ महिने तिकडेच होते. हे गेले, सगळे दिवस केले आणि मग परत आले. आता मुलगी मागे लागली आहे की सिटिझनशिपचा अर्ज भर, नियम रोज बदलताहेत, ग्रीन कार्डाचा भरवसा नाही. माझं इंग्रजी दुकानात भाव विचारण्यापुरतं. जावई म्हणतात, ते आठ महिने फॉर्मवर लिहूच नका, कोण बघतंय! पण माझं अडलंय दुसरीकडेच. २४ वर्षं रोज सकाळी मुलांकडून 'भारत माझा देश आहे' म्हणून घेतलं. आता हात वर करून तो देश सोडला असं म्हणायचं? गावी यांची दीड एकर जमीन आहे, घर आहे. दरवर्षी सहा-आठ महिने तिकडे राहावं असं मनात आहे. काय करू?
— एक बाई, एडिसन"

प्रिय बाई,

सहीच्या जागी तुम्ही 'एक बाई' असं लिहिलंत. शाळेतल्या बाईंना आपण ज्या अर्थाने बाई म्हणतो, त्याच अर्थाने मीही तुम्हाला बाई म्हणते. इंग्रजी, आठ महिने, जमीन या सगळ्याला उत्तरं आहेत, ती पुढे देते. पण तुमचं अडलंय नागरिकत्वाच्या शपथेपाशी, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

ही शपथ आपल्यातल्या बहुतेकांनी मराठीत कधी वाचलेलीच नसते. मी तिचा आशय मांडते. आजवर मी ज्या कुठल्या परकीय राजाची, सत्ताधीशाची, राज्याची किंवा सार्वभौम सत्तेची प्रजा अथवा नागरिक होते, तिच्याविषयीची सारी निष्ठा मी पूर्णपणे, निःशेष सोडून देते. अमेरिकेची राज्यघटना आणि कायदे यांचं देशातल्या आणि देशाबाहेरच्या सर्व शत्रूंपासून रक्षण करीन. त्यांच्याशी खरी निष्ठा ठेवीन. कायद्याने सांगितलं तर देशासाठी शस्त्र हाती घेईन, किंवा सैन्यात शस्त्राविना सेवा करीन, किंवा राष्ट्रीय महत्त्वाचं नागरी काम करीन. आणि शेवटी : हे बंधन मी स्वेच्छेने, मनात काही राखून न ठेवता, टाळाटाळीचा हेतू न ठेवता स्वीकारते.

मी स्वतः २०१४ साली नूअर्कला ही शपथ घेतली. आदल्या रात्री इंग्रजीतून एकदा नजर फिरवली होती, तेवढंच. सभागृहात सगळ्यांबरोबर ओठ हलवले, पहिलं वाक्य पुटपुटत गिळून टाकलं आणि घरी येऊन पुरणपोळी केली. रात्री भांडी आवरताना तो कागद पुन्हा हातात आला. 'मनात काही राखून न ठेवता' या शब्दांशी थांबले तेव्हा लक्षात आलं, मी तर सगळंच राखून ठेवलं होतं. तो सल अजून गेलेला नाही. म्हणूनच, जे विचारतील त्यांना मी सांगते की शपथ आधी आपल्या भाषेत वाचा आणि मगच अर्ज भरा.

आता तुमची प्रतिज्ञा घेऊ. ती माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त पाठ आहे. 'माझ्या देशावर माझे प्रेम आहे.' पुढे परंपरांचा अभिमान येतो. मग 'माझा देश आणि माझे देशबांधव यांच्याशी निष्ठा राखण्याची मी प्रतिज्ञा करीत आहे.' आणि शेवटी, त्यांचे कल्याण आणि त्यांची समृद्धी ह्यांतच माझे सौख्य सामावले आहे. अमेरिकेची शपथ यातली नेमकी एक गोष्ट मागते : निष्ठा. ती पूर्ण मागते, अर्धीमुर्धी चालत नाही. प्रेम सोडा असं त्या शपथेत कुठेही नाही, अभिमान सोडा असं नाही, आणि संगमनेरला पाऊस चांगला झाला की तुम्हाला इथे बसून बरं वाटतं, त्यावरही तिचा हक्क नाही. 'मनात काही राखून न ठेवता' याचा अर्थ दुःख न करता असा होत नाही. मनात ठेवायचा नाही तो छुपा हेतू : तोंडाने एका राज्याला निष्ठा द्यायची आणि आतून दुसऱ्याला देत राहायची.

पण 'अगं, नुसता कागद आहे तो' असं जर कुणी मैत्रीण म्हणाली, तर तिचं ऐकू नका. तो नुसता कागद नाही. भारताचा १९५५चा नागरिकत्व कायदा स्पष्ट आहे : कलम ९प्रमाणे, स्वेच्छेने परदेशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व तिथेच संपतं. तुम्ही कुठे कळवा वा न कळवा. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. पुढे मिळणाऱ्या ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाच्या नावात 'सिटिझन' हा शब्द आहे, त्यामुळे पुष्कळांचा घोळ होतो; पण ते नागरिकत्व नव्हे, आयुष्यभराचा व्हिसा आहे. मतदान करता येणार नाही. गावच्या मतदार यादीत नाव राहिलं असेल तर ते स्वतःहून कमी करून घ्यायचं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला बोटाला शाई लावून घेणाऱ्या तुमच्यासारख्या बाईला हे लागणारच. लागू द्या. जे खरोखर जातंय त्याचं वाईट वाटलंच पाहिजे.

दुसऱ्या बाजूचंही थोडं सांगते. हा हक्क आपल्या लोकांना सहज मिळालेला नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात राहिलेले भगतसिंग थिंद यांना इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली नागरिकत्व नाकारलं, कारण कायद्याच्या अर्थाने ते 'गोरे' नव्हते. त्यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. त्या निकालानंतर सरकारने आधी नागरिक झालेल्या भारतीय लोकांचंही नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात केली. पंडितांवरही तीच वेळ आली, ते स्वतःसाठी लढले आणि त्यांनी ते राखलं. बाकीच्या बहुतेकांना १९४६च्या कायद्यापर्यंत थांबावं लागलं. या लोकांनी नागरिकत्व मागितलं म्हणून त्यांनी मातृभूमीशी द्रोह केला, असं मला कधीच वाटलं नाही. तुमच्याबद्दलही वाटणार नाही.

मुलगी म्हणते ग्रीन कार्डाचा भरवसा नाही. तिची काळजी मला कळते. पण निव्वळ धास्तीपोटी शपथ घेऊ नका. 'स्वेच्छेने' हा शब्द शपथेतच आहे. ग्रीन कार्ड दर दहा वर्षांनी नवं करत आयुष्यभर राहणारी माणसं आहेत, तो मार्ग तुम्हाला खुला आहे. फक्त तुमची जी इच्छा आहे, वर्षातले सहा-आठ महिने गावी राहायची, ती ग्रीन कार्डावर पुरी होणं कठीण. सहा महिन्यांवर बाहेर राहिलात की विमानतळावर प्रश्न सुरू होतात, आणि पुनर्प्रवेशाच्या परवान्याशिवाय वर्षभर राहिलात तर त्या कार्डावर परत येता येत नाही. अमेरिकेचा पासपोर्ट आणि ओसीआय असेल तर प्रवरेकाठी सलग दोन वर्षं राहिलात तरी इथे कुणी विचारणार नाही. कागदावरचं भारतीयत्व सोडलं तर गावच्या घरात जास्त राहता येतं, असा हा हिशेब आहे. मला स्वतःला तो पटायला वेळ लागला. पण तुमच्या वयाला आणि तुमच्या इच्छेला तो लागू पडतो, असं माझं मत आहे.

जमिनीची भीती सोडा. ओसीआय कार्डावर नवी शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळा विकत घेता येत नाही हे खरं. पण वारशाने आलेली राहते. मात्र सातबाऱ्यावर तुमचं नाव लागलं आहे का? बहुतेक घरांत ही वारस नोंद वर्षानुवर्षं पडून राहते. फेरफार झाला नसेल तर भारतीय पासपोर्ट हातात आहे तोवर तलाठ्याकडे जाऊन तेवढं उरकून घ्या. पुढे कधी ती जमीन विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येईल, हेही मुलीच्या कानावर घालून ठेवा.

आता ते आठ महिने. इथे मी जरा कडक बोलणार आहे, जावईबापूंनी राग मानू नये. नागरिकत्वाच्या एन-४०० या अर्जात गेल्या पाच वर्षांतला परदेशातला प्रत्येक मुक्काम विचारतात. तुम्ही देशाबाहेर कधी गेलात, कधी आलात, हे त्यांच्याकडे आधीच नोंदलेलं असतं. मुलाखतीच्या सुरुवातीला अधिकारी तुम्हाला उभं करतो आणि खरं सांगण्याची शपथ देतो. त्यानंतर लपवलेली गोष्ट ही शपथेवरचं खोटं ठरते. अर्ज तर फेटाळला जातोच, पण मिळालेलं नागरिकत्वही पुढे अशा खोट्यापायी जाऊ शकतं. आणि लपवायचं काय आहे? नवऱ्याच्या उशाशी बसलात. सहा महिन्यांहून जास्त पण वर्षाहून कमी बाहेर राहिलं तर वास्तव्य खंडित झालं असं गृहीत धरतात, मात्र तसं नव्हतं हे पुराव्याने दाखवता येतं. दवाखान्याची कागदपत्रं, मृत्यूचा दाखला, परतीचं तिकीट असेल तर ते, त्या काळात इथलं बँक खातं, विमा, मुलीच्या घराचा पत्ता तसाच चालू होता याचे कागद, टॅक्स भरल्याच्या प्रती. हे सगळं एका फायलीत लावा. मग एखाद्या इमिग्रेशन वकिलाकडे एकदाच पैसे देऊन एवढंच विचारा की आत्ता अर्ज करावा, की ते आठ महिने मागे पडेपर्यंत थांबावं. तुम्हाला घाई नाही. पाच वर्षांत एकूण ३० महिने तरी प्रत्यक्ष इथे राहिलेलं असावं लागतं, ते तुमचं भरतच असेल, तरी तारखा मांडून पाहा.

अर्जात 'तुम्ही कधीही' असे सुरू होणारे बरेच प्रश्न आहेत. त्यात इथे मतदार म्हणून कधी नाव नोंदवलं का, असंही विचारतात. मोटार व्हेइकलच्या कचेरीत ओळखपत्र काढताना समोर आलेल्या कागदावर सही करून बसलेली वडीलधारी माणसं मी पाहिली आहेत. तुमच्या बाबतीत असं काही झालं असल्याची नुसती शंका असली, तरी अर्जाआधी वकिलाला सांगा. नागरिक नसताना मतदार यादीत नाव असणं हे फार महागात पडतं.

आणि नाव! 'जन्मापासून वापरलेली इतर सर्व नावं' असा एक रकाना आहे. तुमच्या पिढीतल्या कितीतरी जणींचं लग्नात तांदळात नाव लिहून पहिलं नावच बदललेलं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, लग्नानंतर दुसरं, मधे आधी वडिलांचं आणि मग यांचं. हे सगळं लिहायचं. आपल्याला यात विशेष काही वाटत नाही, पण समोरच्याला ही दोन-तीन वेगळी माणसं वाटतात. विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवा, राजपत्रात बदल छापला असेल तर तेही पान. सासरचं नाव कायमचं ठेवायचं की काही बदलायचं, हेही याच अर्जात मागता येतं. माझ्या ओळखीच्या एका आजींनी पन्नास वर्षांनी माहेरचं नाव परत मागून घेतलं होतं.

इंग्रजीची काळजी मात्र करूच नका. अर्ज करताना वय ५५च्या वर आणि ग्रीन कार्डाला १५ वर्षं झालेली असली, की इंग्रजीची परीक्षा माफ. मुलाखत मराठीतून, नागरिकशास्त्राची परीक्षाही मराठीतून. यात कमीपणा कसला, कायद्यानेच दिलेली सोय आहे. दुभाषी आपण न्यायचा असतो. शक्यतो घरचं माणूस नेऊ नका, अधिकारी ते नाकारू शकतो. मराठी मंडळातली एखादी चांगली मराठी आणि चांगली इंग्रजी येणारी बाई पाहा, तिने स्वतःचं ओळखपत्र आणलं पाहिजे. तिने तुमचं म्हणणं जसंच्या तसं सांगायचं, स्वतःची भर घालायची नाही. आपल्या बायकांना मदत करायची फार हौस, म्हणून हे आधी बजावून ठेवा.

२० ऑक्टोबर २०२५पासून दाखल होणाऱ्या अर्जांना नवी परीक्षा आहे. १२८ प्रश्नांचा संच, त्यातले २०पर्यंत विचारतात, १२ बरोबर आले की झालं. वय ६५च्या वर आणि ग्रीन कार्डाला २० वर्षं झालेल्यांना फक्त २० प्रश्नांचा छोटा संच असतो, पण त्याला तुम्हाला अजून चार वर्षं आहेत. माझ्या मते त्यासाठी थांबायची गरज नाही. पहिल्यांदा जमलं नाही तर ६० ते ९० दिवसांत पुन्हा बोलावतात, नवी फी पडत नाही. फी सध्या ऑनलाइन अर्जाला ७१० डॉलर, कागदी अर्जाला ७६०.

तुम्ही तर नागरिकशास्त्र शिकवलंय! वही घाला आणि मराठीत उत्तरं लिहून काढा. फक्त एक चूक करू नका, जी नागरिकत्व परीक्षेच्या माझ्या वर्गात बहुतेक सगळ्यांनी केली : सिनेटला राज्यसभा आणि हाउसला लोकसभा म्हणू नका. समजायला ती तुलना छान आहे, सिनेटरची मुदतही राज्यसभेसारखीच सहा वर्षांची. पण तोंडातून 'राज्यसभा' निघालं तर दुभाषी अडखळते आणि उत्तर अडकतं. सिनेटमध्ये १०० सदस्य, हाउसमध्ये ४३५ आणि हाउसवाल्यांची मुदत दोनच वर्षं, ही नावं अशीच ठेवा. आपल्या राज्याचे सिनेटर, गव्हर्नर, आत्ताचे राष्ट्राध्यक्ष यांची नावं मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात पुन्हा तपासा, ती बदलत असतात. राज्याची राजधानी ट्रेंटन, नूअर्क नव्हे. मूळ तेरा राज्यांत न्यू जर्सी आहेच, म्हणजे त्या यादीतलं एक नाव तुम्हाला फुकट मिळालं. अमेरिकेच्या राज्यघटनेची सुरुवात 'आम्ही लोक' अशी होते आणि त्याचा अर्थ काय, असाही एक प्रश्न आहे. 'आम्ही भारताचे लोक' हे शब्द तुमच्या वर्गातल्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर होते. ज्यांनी आपल्या राज्यघटनेचा मसुदा घडवला ते डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ इथेच, नदीपलीकडे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही पाठ करायचं कारण नाही.

घरात माळकरी परंपरा असेल आणि शस्त्राचा शब्द गळ्यात तुळशीची माळ असताना उच्चारवत नसेल, तर धार्मिक श्रद्धेच्या कारणाने तो भाग वगळून शपथ घेता येते. अर्जातच तसं सांगा.

शपथविधीच्या पत्रामागे पुन्हा काही प्रश्न असतात, मुलाखतीनंतर परदेशी गेलात का वगैरे; ते त्याच दिवशी घरून भरून न्यायचे. तिथे ग्रीन कार्ड परत घेतात. प्रमाणपत्र हातात पडलं की खुर्चीवरून उठण्याआधी नाव आणि जन्मतारीख अक्षर-अक्षर वाचा, चूक तिथेच दाखवलेली बरी. झेरॉक्स काढून ठेवा, कारण पासपोर्टच्या अर्जासोबत मूळ प्रमाणपत्र पाठवावं लागतं. शपथ झाली की भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही, तो गुन्हा आहे. आधी अमेरिकन पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट सरेंडर केल्याचं प्रमाणपत्र, मग ओसीआय, असा क्रम. यात काही महिने जातात. यांचं श्राद्ध गावी करायचं असेल तर तारखा तशा धरा, मधे अडकू नका.

शपथेचा मराठी आशय वर दिलाय. एखाद्या दुपारी मुलगी घरी असताना तिच्यासमोर मोठ्याने वाचा, तिलाही तो पहिल्यांदाच नीट कळेल. वाचून तुम्हाला 'नको' वाटलं तर नकोच, आणि मग मुलीनेही पुन्हा विषय काढू नये. जायचं ठरलं, तर त्या दिवशी घरातल्या नातवंडाला शाळेतून सुट्टी काढायला लावून सोबत न्या. शपथेनंतर छातीवर हात ठेवून झेंड्याची प्रतिज्ञा म्हणतात. इथली मुलं ती रोज सकाळी वर्गात म्हणतात, कुठे श्वास घ्यायचा आणि कुठे थांबायचं ते त्यांना पाठ असतं.

तुमची,
ताई